पाठीवरचे साडेचारशे

टक्.

दुपारचे दोन वाजले असतील. घर अगदी गप्प होतं. गौतमी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, तिच्या आजीचाही डोळा लागला होता, आणि त्या शांततेत एवढाच आवाज झाला. चिमणीनं चोचीनं काच टोकरावी, तेवढाच. पण त्यासरशी नीलमच्या समोरचा पडदा काळा झाला, आतले पंखे थांबले, आणि जेवढं काम जपून ठेवायचं राहिलं होतं तेवढं सगळं गेलं.

"आता गं बया," नीलम हळूच म्हणाली. मोठ्यानं ओरडायचीही सोय नव्हती. लेक उठली असती तर उरलेली दुपारसुद्धा गेली असती.

मित्रांनो, तो आवाज माझा होता.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक जुना लोखंडी डबा बसलेला असतो. तो मी. दुकानदार मला एसएमपीएस म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना जशीच्या तशी सोसत नाही. मी ती घेतो, उतरवतो, आणि पिवळ्या, लाल, काळ्या वायरींतून ज्याला जेवढी पचेल तेवढी वाढतो. घरात जी पंगतीला वाढत असते आणि जिच्या ताटाकडं कुणाचं लक्ष नसतं, तिचंच काम समजा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पट्ट्यावरून पुढं सरकताना एका यंत्रानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि चकचकीत कागद चिकटला. त्यावर ठळक आकडा होता, ४५०. म्हणजे मी साडेचारशे वॉटचा. मित्रांनो, आता लपवण्यात काय अर्थ आहे? तेवढा मी कधीच नव्हतो. माझ्या पोटात तांबं कमी घातलं होतं, बाकीचा मालही बेताचाच होता. दीडशे, फार तर दोनशेपर्यंत माझी खरी उडी. तो आकडा मी लिहिला नव्हता, पण कुणी वाचला की मला बरं वाटायचं, हेही खरं. मी गप्प राहिलो.

मला पहिल्यांदा वीज मिळाली ती दौंडला, नीलमच्या माहेरी. ती तेव्हा डिप्लोमाला होती. दोन लांब वेण्या, हाताला पेन्सिलीचा काळा डाग, आणि कॉम्प्युटरपुढं बसली की जेवायला चार हाका. मी तिचे प्रोजेक्ट बघितले, निकालाच्या दिवशी तेच पान परत परत उघडणारी बोटं बघितली, निकालानंतर लावलेली गाणीही ऐकली. काम हलकं होतं. मी आनंदानं गुणगुणत असे.

लग्न ठरलं तेव्हा तिनं अट घातली, "कॉम्प्युटर माझ्याबरोबर येणार." मग आम्ही रुखवतात मांडले गेलो. एका बाजूला लाडवांचं ताट, दुसऱ्या बाजूला पितळी समई, मध्ये आमचं कॅबिनेट. बायका मॉनिटरला हात लावून "केवढा मोठा हाय!" म्हणत होत्या. मला कुणी काही म्हणालं नाही. मी आत होतो ना!

असा मी तळेगाव ढमढेऱ्यात आलो. नीलमचा नवरा संघर्ष रांजणगावच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम बघतो. सासू अंजनाबाई. त्यांनी तीस वर्षं आठवडे बाजारात भाजी विकली, आणि आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात, पण आवाज अजून बाजारातलाच आहे. नीलम त्यांना आत्या म्हणते. नीलमसुद्धा रांजणगावला ड्रॉइंगच्या कामावर जायची. गौतमी झाली आणि नोकरी सुटली. कॉम्प्युटरवर झालर लावलेलं कापड पडलं. मधूनमधून बालगीतांसाठी तेवढं ते वर व्हायचं. चार वर्षं माझ्या पंख्यात धूळ साठत राहिली.

मग यंदा सणसवाडीच्या एका कारखान्यातून नीलमला फोन आला. घरबसल्या काम मिळणार होतं. पण आधी एक नमुना करून दाखवायचा होता. लोखंडी पार्टला भोक पाडताना तो जागचा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी चौकट असते, तिचं चित्र करायचं. सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असं. मुदत शनिवार संध्याकाळी पाचची.

"झालं तर माझं परत सुरू होईल हो," नीलम नवऱ्याला म्हणाली. तिनं हे भाजी निवडता निवडता म्हटलं, अगदी साधं. पण मी तिचा आवाज बारा वर्षं ऐकतोय. एवढा जपून धरलेला आवाज मी निकालाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

तसली चित्रं फिरवायची तर ताकदीचं ग्राफिक कार्ड लागतं. संघर्षनं ते शिरूरला पप्पूच्या दुकानातून आणलं. दोन पंखे असलेलं, काळंभोर, देखणं. स्वभावानंही चांगलं होतं बिचारं. फक्त भूक दांडगी. त्याच्यासाठी वेगळी वायर लागते, ती माझ्याकडं नव्हतीच. संघर्षनं मधे एक जोड लावून माझ्या दोन वायरींची एक केली आणि त्याच्या तोंडाशी दिली.

लावायच्या आधी त्यानं माझी पाठ वाचली होती बरं का. कारखान्यात त्याची सवयच ती. मोटर असो की पंप, आधी वरची पट्टी वाचायची. "साडेचारशे हाय. कार्डाच्या खोक्यावर चारशे मागितलंय. पुरतंय की," तो म्हणाला. मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला ओरडता येत नाही. मला फक्त टक् करता येतं.

नीलम टाईप करत असली की काही होत नसे. पण चौकट फिरवायला घेतली की कार्ड एकदम मागायचं, "दे, दे, दे!" मी देत जायचो. अंग तापायचं, पंखा घोंघावायचा, आणि मग माझ्याच्यानं व्हायचं नाही. सगळंच जळून जाण्यापेक्षा मी स्वतःच दार लावून घ्यायचो. मागचं बटण बंद करून परत चालू केल्याशिवाय मला उठताच येत नसे.

नीलमचं काम पहिल्यांदा असं गेलं त्या दिवशी संध्याकाळी संघर्ष पहिल्या पाळीवरून आला. नीलमचं तोंड बघून त्यानं डबा खाली ठेवला आणि कपाटावर एक कोरा कागद चिकटवला.

"कंपनीत मशीन बंद पडल्यावर आम्ही काय करतो? का, का, का विचारत जायचं. आन् एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. किती वाजता बंद पडला, काय चाललं होतं, काय बदललं, सगळं इथं लिहायचं."

"आन् घरात मी बंद पडले तर कुठं लिहायचं?" नीलम म्हणाली.

"त्याला मोठा कागद लागंल," अंजनाबाई आतून म्हणाल्या.

कागद भरत चालला. आधी कार्डाचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढून नवं घातलं. टक्. मग रॅमच्या पट्ट्या काढून गौतमीच्या खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात घासले. गौतमीनं रडून घर डोक्यावर घेतलं, कारण तो खोडरबर स्ट्रॉबेरीच्या वासाचा होता. टक्. मग सायकलच्या पंपानं धूळ उडवली. चार वर्षांची धूळ सगळ्यांच्या नाकात गेली, घरभर शिंका झाल्या, आणि मला मात्र न्हाल्यासारखं वाटलं. पण पुन्हा टक्. प्रत्येक टक्-पुढं गौतमी कागदावर एक रडकं तोंड काढत होती. मंगळवारपर्यंत अकरा तोंडं झाली.

"ह्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा हाय," संघर्ष म्हणाला. "सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज पडतंय, दुसरं काय."

"मग टीव्ही कसा न्हाई बंद पडत?" अंजनाबाई म्हणाल्या. "का त्याला मोटारवाल्यांनी सोडलंय?"

शेवटी त्यानं कार्डच काढून ठेवलं. मशीन दिवसभर चाललं, एकदाही टक् नाही. पण कार्डाशिवाय चौकट एवढी अडखळत फिरायची, की नीलमनं हात जोडले.

"कार्डच खराब हाय," संघर्ष म्हणाला. "परत देऊ."

ते देखणं कार्ड टेबलावर गपचूप पडून होतं. त्याचा काडीचा दोष नव्हता. आणि मी वर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, आपल्यामुळं दुसऱ्यानं बोल खाणं यासारखी लाज नाही. मला वाटलं, आता हा कागद पाठीवरून उडून जावा आणि सगळं उघडं पडावं.

गुरुवारी संघर्षला सुट्टी मिळेना. सासू-सून आणि गौतमी अशा तिघी कॅबिनेट आणि कार्ड घेऊन शिरूरच्या एसटीत बसल्या. आम्हाला गोधडीत गुंडाळून अंजनाबाईंनी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर आला.

"मावशी, ह्याचं लगेज लागंल."

"लगेज कसलं? लेकरू हाय, मांडीवर बसलंय."

त्यानं गोधडी जराशी वर करून बघितली. चेहरा मात्र हलू दिला नाही. "वय काय लेकराचं?"

"बारावं चालू हाय."

"मग हाफ काढा."

"माझं हाफ, सुनेचं हाफ, ह्याचंबी हाफ. तुमच्या गाडीत फुल काढतंय तरी कोण?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि पुढं जाता जाता म्हणाला, "खिडकीला घ्या त्याला. घाटबीट न्हाई, पण काय सांगावं, उलटी करंल."

नीलम त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मी गोधडीच्या आत होतो, पण ऐकलं.

पप्पूचं दुकान लहान, वायरींनी भरलेलं. त्यानं आधी कार्ड स्वतःच्या मशीनला लावलं. कार्ड मजेत धावलं. "कार्ड एक नंबर हाय वहिनी," तो म्हणाला. मग त्यानं मला कॅबिनेटमधून सोडवलं आणि एका छोट्या तपासणी यंत्राला लावलं. मी भीत भीत वीज सोडली. हिरवे दिवे लागले. सगळे बरोबर.

"एसएमपीएसबी ओके."

अरे पप्पू, रिकाम्या हातानं उभं राहायला सांगितलंस तर मी अजून ताठ उभा राहतो रे! ओझं देऊन बघ की!

पप्पूनं डोकं खाजवलं. "मग मदरबोर्ड गेला असंल वहिनी. एवढा जुना बोर्ड आता मिळायचा न्हाई. नवीन मशीनच बघावं लागंल. आठ-दहा दिवस धरा."

नीलमनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. गुरुवार, बारा वाजून गेलेले. तिनं गौतमीचे विस्कटलेले केस उगाच नीट केले. आणि मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या गप्प बसण्यानं या मुलीचं परत सुरू होणारं काहीतरी कायमचं बंद पडणार.

तेवढ्यात गौतमीनं माझ्या पंख्याच्या जाळीत बोट घातलं.

"ए, बोट काढ!" असं म्हणत अंजनाबाईंनी मला एका हातानं उचललं आणि काउंटरच्या पलीकडच्या टोकाला ठेवायला गेल्या. तिथं एक नवा एसएमपीएस होता. जागा करायला त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला. आणि त्या तशाच थांबल्या. एक हात वर, एक हात खाली. डोळे अर्धे मिटलेले. मान जराशी कलती. आठवडे बाजारात तागडी धरून उभ्या राहायच्या, अगदी तशा.

"पप्पू, ह्या दोघांचा भाव एकच का रं?"

"ताकद एकच हाय मावशी. दोन्ही साडेचारशेचे."

"कोण म्हणतं?"

"लिहिलंय की त्याच्यावर!"

"लिव्हल्यालं तुम्ही वाचा. तू वाचलंस, माझ्या लेकानं वाचलं, सुनेनं वाचलं. मला वाचता येत न्हाई म्हणून मी आपली हातानं बघती. पिशव्या दोन्ही सारख्या हायत, पर ह्या पिशवीत माल कमी हाय. हे पाऊण किलो. आन् हे दीडाच्या वर."

"मावशी, ह्यो काय कांदा हाय व्हय?"

"तोलून बघ की मग. भितोस का?"

शेजारी किराणा दुकान होतं. आमची वरात तिकडं गेली. मला गुळाच्या ढेपेशेजारी काट्यावर ठेवलं. सातशे ऐंशी ग्रॅम. मग त्या नव्याला ठेवलं. एक किलो सहाशे दहा.

पप्पू काट्याकडं बघतच राहिला. मग त्यानं मला उलटंपालटं केलं, जाळीतून बॅटरी मारून आत बघितलं, आणि कानाला हात लावला. "मावशी, उद्यापासून तुम्ही दुकानात बसा. मी बाजारात बसतो."

"मेथी कोमेजू देऊ नको म्हंजी झालं."

मित्रांनो, बारा वर्षांत मला कुणी असं हातात घेतलं नव्हतं. माझं खोटं उघडं पडलं होतं, किराणा दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. आणि मला काय झालं सांगू? हलकं वाटलं. सातशे ऐंशी ग्रॅमपेक्षाही हलकं.

त्यांनी माझ्या जागी तो नवा बसवला. नीलमनं आपली चौकट उघडली आणि फिरवायला सुरुवात केली. सगळे टक्-ची वाट बघत उभे. पप्पूनं हातातला चहा तसाच धरला होता. गौतमीनं ओठांवर बोट ठेवलं होतं. चौकट फिरत होती, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहावर साय धरली. वीस मिनिटं झाली.

टक् झालंच नाही.

"फिरतंय गं आत्या!" नीलम ओरडली. आता ओरडायला काही हरकत नव्हती. तिनं सासूला मिठी मारली, मग गौतमीला, आणि मिठीच्या नादात पप्पूचा चहा सांडवला.

"हे जुनं भंगारात टाकू?" पप्पूनं मला उचलत विचारलं.

"का म्हणून?" अंजनाबाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "हलकं हाय तर हलकं काम द्या. त्यात भंगार काय आलं?"

परतीच्या गाडीत मी गोधडीत नव्हतो. त्यांच्या पिशवीत होतो, कोथिंबिरीच्या जुडीवर.

नीलमचा नमुना शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला. सोमवारी फोन आला आणि ती फोनवर "हो सर, हो सर" म्हणत घरभर चालत राहिली. कपाटावरच्या कागदावर गौतमीनं शेवटी एक हसरं तोंड काढलं. एवढं मोठं, की ते अकराच्या अकरा रडक्या तोंडांवर पसरलं.

आणि मी? संघर्षनं माझी हिरवी वायर काळीला जोडून मला एकट्यानं जागं राहायला शिकवलं. गौतमीच्या पुस्तकांच्या फळीला त्यानं बारीक दिव्यांची पट्टी लावली. ती मी उजळतो. माझ्या बोटालाही घाम येत नाही एवढं ते काम! मग त्यानं कंपनीतलं जाड काळं पेन घेतलं, माझ्या पाठीवरचा ४५० खोडला आणि खाली पप्पूच्या अंदाजानं लिहिलं, १५०.

"आता पट्टी खरी झाली," तो म्हणाला. "माझंच चुकलं. वाचलं आन् मोकळा झालो."

मित्रांनो, तुमच्याही घरात, कोपऱ्यात, माझ्यासारखं कुणीतरी सगळ्यांना वाढत बसलेलं असेल. त्याच्यावर नवं ओझं टाकाल तेव्हा नुसता आकडा वाचू नका. जरा हातात घेऊन बघा. तापलंय का, दमलंय का, हाताला कळतं. आणि जमलं तर वर्षातून एकदा धूळ झाडा. सायकलचा पंपही चालतो.

कालचीच गोष्ट. दुपारची वेळ. नीलम नव्या कामापुढं बसली होती. मांडीवर ताट, ताटात निवडायची गवार, कानाला फोन, आणि गॅसवर कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. गौतमी माझ्या उजेडात बसून बोटानं माझी पाठ वाचत होती. "चार, पाच, शून्य. ह्यो खोटा. एक, पाच, शून्य. ह्यो खरा."

मग ती उठली. आईच्या मागं गेली, खुर्चीच्या दांडीवर पाय देऊन चढली, आणि आईच्या पाठीवरची ओढणी बाजूला करून निरखून बघू लागली.

"काय शोधतीस गं?" नीलमनं फोनवर हात ठेवून विचारलं.

"आई," गौतमी म्हणाली, "तुझ्या पाठीवर किती लिवलंय? आन् ते खरं हाय का?"